दहाच्या दहा टाकणारा

समीकरण नेवेनाला पहिल्याच तासाला आवडलं नाही, आणि त्याचं कारण तिचा बाप होता.

सोफिया शहरातल्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावरच्या गारठलेल्या वर्गात प्राध्यापिका बोझिलोवा फळ्यावर एक ओळ लिहून मोकळ्या झाल्या होत्या. विषय होता उत्क्रांतीची गेम थिअरी, आणि वर्गात बसलेली सगळी समाजशास्त्राची पोरं, गणिताला घाबरून तिकडे गेलेली. बाईंनी खडूचे हात झटकले आणि म्हणाल्या, "एवढंच आहे. वर्षभर आपण या ओळीभोवतीच फिरणार. ज्याच्या पदरात सरासरीपेक्षा जास्त पडतं, त्याचं वागणं पसरतं. ज्याच्या पदरात कमी पडतं, त्याचं आटतं. प्राण्यांत पोरं होऊन पसरतं, माणसांत नक्कल होऊन. देव, नीती, संस्कार यातलं या ओळीत काही नाही. शोधत बसू नका, सापडणार नाही."

नेवेनाने हात वर केला. "मॅडम, आमच्या गावात एक माणूस आहे. त्याच्या पदरात जन्मभर सगळ्यांपेक्षा कमीच पडलंय. तरी अख्खं गाव त्याच्या जिवावर उभं आहे."

"आणि त्याची नक्कल करणारे किती आहेत?"

नेवेनाने वर केलेला हात खाली घेतला.

"नाव काय त्याचं?"

"स्तामेन. माझे वडील आहेत."

वर्गात खसखस पिकली. बोझिलोवा मात्र हसल्या नाहीत. त्यांना कधी कुणी हसताना बघितलंच नव्हतं म्हणा. "मग जा आणि मोजून आण," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. लोक इथे शेजाऱ्याला मोजायला उत्सुक असतात, बापाला मोजताना त्यांचे हात कापतात."

झालं, तिथेच ठिणगी पडली. नेवेना हट्टी पोर. ससाण्यांची आणि कबुतरांची, म्हणजे ओरबाडून खाणाऱ्यांची आणि वाटून खाणाऱ्यांची, सगळी गणितं तिने त्या हिवाळ्यात घोकून काढली, सोडवून काढली, आणि शेवटी तिला हवं ते सापडलं. सिद्धांत अगदीच निर्दय नव्हता. तो सांगत होता की नुसते देणारे टिकत नाहीत हे खरं, पण फुकट्यांना शिक्षा करायची सोय असली तर टिकतात. लोक पदरमोड करून फुकट्याला ठोकतात, मग फुकटे सुधारतात आणि देणाऱ्याचे दिवस येतात. नेवेनाला वाटलं, हेच तर आमचं स्लिवोदोल. आमच्या गावात बाबांना मान आहे तो उगाच नाही. तिने ठरवून टाकलं की हे आकड्यांत मांडायचं, आणि बोझिलोवाबाईंच्या टेबलावर आपटायचं.

स्तामेन स्लिवोदोलचा पाटकरी होता. तसं त्याला कुणी नेमलेलं नव्हतं. सरकारी शेतीसंस्था मोडली तेव्हा डोंगरावरून येणाऱ्या पाटाला कुणी वाली उरला नाही, आणि एका सकाळी हा फावडं घेऊन वर गेला. तेव्हापासून जातोच आहे. कुठे काठ फुटला तर बुजवायचा, गाळ काढायचा, पाणीपाळी कुणाची ते बघून दारं धरायची. खालच्या वाफ्यांत मिरची, टोमॅटो, आलुबुखाराच्या बागा, सगळं त्या पाण्यावर. त्याची स्वतःची जमीन अगदी शेवटी. त्याच्या वाट्याला कधी पाणी यायचं, कधी नुसता ओला चिखल. बायको गेल्यावर लोक म्हणाले, आता सोडेल. त्याने सोडलं नाही. "गावात सगळे भले आहेत," तो नेवेनाला सांगायचा. "फक्त आळशी आहेत जरा."

हे तो मनापासून मानायचा, बरं का. त्या माणसाजवळ दुसरी काही इस्टेटच नव्हती.

जूनमध्ये नेवेना गावात आली ती सहा टॅब्लेट, पुठ्ठ्याच्या आडभिंती आणि कालिन नावाचा एक सहाध्यायी घेऊन. कालिन लांबोडका, सदानकदा सूर्यफुलाच्या बिया चघळणारा. गावच्या वाचनमंदिराच्या सभागृहात, जिथे एरवी लग्नं आणि श्राद्धाची जेवणं व्हायची, तिथे त्यांनी सहा टेबलं मांडली. रविवारी चर्च सुटल्यावर लोक आले. शेजारची पेना काकू, दारूच्या गुत्त्याचा मालक गांचो, टपाल कचेरीतली रुमियाना, दोन म्हातारे सख्खे भाऊ, आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्तामेन.

नेवेनाने खेळ समजावला. "प्रत्येकाला दर फेरीला दहा गुण मिळतील. हवे तितके सामाईक डब्यात टाका, हवे तितके स्वतःकडे ठेवा. डब्यातले दुप्पट होतील आणि सगळ्यांत सारखे वाटले जातील, मग टाकले असोत वा नसोत. नंतर कुणी किती टाकले ते दिसेल, पण नावं दिसणार नाहीत. मग कुणाला शिक्षा करायची असेल तर स्वतःचा एक गुण जाळा, त्याचे दोन जळतील. शेवटी जितके गुण तितकी साखर."

"साखर खरी ना पण?" गांचोने विचारलं. आलुबुखार पिकायला आले होते, त्यांची राकिया दारू गाळायला सगळ्यांनाच साखर हवी होती.

"खरी. बाहेर गाडीत पोती आहेत."

"मग आम्ही गंभीर आहोत," गांचो म्हणाला, आणि सगळे हसत हसत आडभिंतीमागे जाऊन बसले.

पहिली फेरी नेवेनाच्या मनासारखी झाली. कुणी चार टाकले, कुणी पाच, एकाने तीन. आणि एकाने दहाच्या दहा. पडद्यावर नावं नव्हती, पण तो कोण ते सांगायला ज्योतिषी नको होता. इथेच नेवेनाची चूक झाली, आणि आमच्यासारख्या गावात वाढलेल्या माणसाने तरी ती करायला नको होती. सोफियाच्या पोरांची नावं झाकली की ती झाकली जातात. स्लिवोदोलमध्ये नाव झाकून काय होतं? तिथे खोकल्यावरून माणूस ओळखतात. दहाच्या दहा टाकणारा गावात एकच होता, आणि ते सहाही जणांना ठाऊक होतं.

दुसऱ्या फेरीत कुणीतरी एक गुण जाळला. नेवेनाने टेबलाशी वाकून बघितलं. फुकट्याला पडली असेल शिक्षा, असं तिला वाटलं. पण जळले होते ते दहा टाकणाऱ्याचे.

"चुकून दाबलं असेल," ती कालिनला म्हणाली.

तिसऱ्या फेरीत दोघांनी जाळले. चौथ्यात पाचही जणांनी. स्तामेनच्या पडद्यावर आलं: तुमचे दहा गुण जाळले गेले. जाळणारे: पाच. त्या फेरीत त्याच्या वाट्याला तेवढे आलेच नव्हते, म्हणून त्या फेरीचं खातं शून्यावर येऊन थांबलं.

पाचव्या फेरीत त्याने पुन्हा दहा टाकले.

कालिनने बिया चघळणं थांबवलं. "थांबवू या का?"

आता इथे नेवेनाने काय केलं ते सांगायलाच हवं. तिला आडभिंतीच्या वर बापाची टोपी दिसत होती. टोपी हलत नव्हती. पण समोर लॅपटॉपवर रेघ उमटत होती, वर गेलेली आणि मग कडा तुटल्यासारखी खाली आलेली, आणि तशी स्वच्छ रेघ तिने अभ्यासात कुठे पाहिली नव्हती. मध्येच थांबवलं असतं तर सगळा रविवार वाया गेला असता. "नको," ती म्हणाली. "चालू दे."

म्हणजे दहाव्या फेरीपर्यंत तिने बापाला मार खाताना बघितलं आणि आकडे उतरवले.

साखर वाटताना पेना काकूला दोन पिशव्या मिळाल्या, गांचोला दोन, बाकीच्यांना थोडी कमी. स्तामेनच्या हातात मूठभराची पुडी आली. त्याने ती इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवली. "चहापुरती आहे की," तो म्हणाला, आणि कुणाच्या डोळ्यांत न बघता घरी गेला.

बोझिलोवाबाईंना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देणाऱ्यालाच शिक्षा. ऐकून होते मी याबद्दल, पण इतकं निखळ? पुढच्या रविवारी पुन्हा खेळव. तीच माणसं. काही शिकतात का बघ."

"मॅडम, ते माझे वडील आहेत."

"तू मला तेच सांगून आव्हान दिलं होतंस ना? आता माघार घेतलीस तर तुझ्याकडे वडीलही राहणार नाहीत आणि निष्कर्षही."

सोमवारी पेना काकू बानित्सा घेऊन आली. तुपात चुरचुरलेले चीजचे पदर, अजून वाफ निघत होती. स्तामेनची बायको गेल्यापासून ही बाई त्याला दर आठवड्याला काहीतरी आणून द्यायची. नेवेनाला राहवलं नाही.

"काकू, काल त्या दहा टाकणाऱ्याचे तुम्ही का जाळलेत?"

"मी? मी कशाला जाळीन बाई." पेना काकू खुर्ची ओढून बसली. एवढं बोलून तिला थांबता आलं असतं, पण तिचं तोंड थांबणारं नव्हतं. "आणि जाळले असतील तर जाळले असतील. तुला म्हणून सांगते. मी चार टाकले. चार म्हणजे थोडे का गं? चार टाकून मला बरं वाटत होतं, की चला, आपण काही अगदीच हे नाही. तेवढ्यात हा दहा टाकतो. झाले माझे चार मातीमोल. मी चोर ठरले."

"तुम्हाला कुणी चोर म्हटलं?"

"म्हणायला कशाला लागतं? रोज पहाटे मी अंथरुणात असते आणि खिडकीखालून त्याच्या फावड्याचा आवाज जातो. कुणी सांगितलंय त्याला? इतकी वर्षं मी त्या आवाजाची लाज खातेय, नेवे. मी एकटी नाही, सगळेच. मेलं, एकदा तरी वाटतं की त्याने पण झोपून राहावं. माणसात यावं. ही बानित्सा आणते ना मी, ती काय माया म्हणून आणते असं वाटलं तुला? फेडते मी. फेडून फेडून कंटाळले."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते उघडलं आणि स्तामेन बाहेर आला, पायात एकच बूट. त्याने ताटलीतला एक तुकडा उचलला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"छान झालीय, पेना," तो म्हणाला. "मीठ बरोबर पडलंय."

पेना काकूचा चेहरा पांढराफटक पडला. ती ताटली तिथेच टाकून निघून गेली.

नेवेना म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी तुम्ही येऊ नका."

"सहा माणसं लागतात ना तुला?"

"दुसरं कुणीतरी बघेन मी."

"मी येणार." तो दुसरा बूट शोधत होता. "पाचही जण होते गं. मला वाटलं होतं एखादा तरी निघेल. गांचोच्या पोराला मी नदीतून ओढून काढलं होतं." मग बूट सापडल्यावर तो खाली बसला आणि बराच वेळ नाडी बांधत राहिला. त्या आठवड्यात तो पाटावर गेला, पण गावात कुणाशी बोलला नाही. जेवताना नेवेनाला एक-दोनदा खेळाबद्दल विचारलं, की शून्य टाकलं तर चालतं का, आणि शिक्षा करताना ओळख कळते का. तिने सांगितलं, चालतं, कळत नाही. तिला वाटलं बाबा मन रमवतायत.

रविवारी रुमियाना आलीच नाही. तिची कंबर धरली होती, उठता येईना. पाच माणसांवर खेळ मांडता येत नव्हता, आणि त्याच माणसांत नवा कुणी बसवला तर बोझिलोवाबाई खवळल्या असत्या. कालिन म्हणाला, "पुढे ढकलू."

पण नेवेनाच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. आठवडाभर ती बापाच्या बुटांकडे बघत झुरत होती, आणि हिवाळाभर शिकलेल्यातली एक गोष्ट तिला आता आठवली. एकटा देणारा मरतो. पण देणारे एकमेकांना भेटले, दोघं जरी झाले, तरी त्यांचा जीव तगू शकतो. "मी बसते," ती म्हणाली. "स्टेजच्या पडद्यामागे. त्यांना सांग, सहावा खेळाडू शेजारच्या गावातून फोनवर खेळतोय."

"हे नियमात बसत नाही."

"तुला कोण विचारतंय?"

धुळकट मखमली पडद्यामागे, लग्नाच्या खुर्च्यांच्या ढिगाशेजारी ती बसली आणि पहिल्या फेरीत तिने दहाच्या दहा टाकले. आता बाबा दहा टाकतील. आज पडद्यावर दोन दहा दिसतील आणि त्यांना कळेल की आपण एकटे नाही. तिचं काळीज नुसतं धडधडत होतं, लहानपणी वडिलांसाठी काही लपवून आणल्यावर धडधडायचं तसं.

आकडे आले. तीन, दोन, तीन, दोन. तिचे दहा. आणि एक शून्य.

तिने पुन्हा बघितलं. दुसरा दहा कुठेच नव्हता.

मग शिक्षेची पाळी आली. तुमचे दहा गुण जाळले गेले. जाळणारे: पाच.

पाच. ती सोडून खेळणारी माणसंच पाच होती.

बाबांना बटण कळलं नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि दुसऱ्या फेरीत पुन्हा दहा टाकले. पुन्हा पाच. तिसऱ्या फेरीत पुन्हा. बाकीचे आकडेही आता घसरत चालले होते, दोनाचा एक, एकाचा शून्य. शून्यवाल्याची सगळे नक्कल करत होते. चांगलं चाललं होतं ना त्याचं. ती मात्र हट्टाने टाकत राहिली, कारण तिला अजून वाटत होतं की एका तरी फेरीत चार येईल. पाचाच्या जागी चार. तेवढ्यासाठी ती नऊ फेऱ्या होरपळली. चार काही आलं नाही.

दहाव्या फेरीत तिने शून्य टाकलं. त्या फेरीत सगळेच शून्यावर होते. कुणी कुणाचं काही जाळलं नाही. पडदा इतका शांत त्या दोन रविवारांत कधी झाला नव्हता.

बाहेर एकच हलकल्लोळ. सगळ्यात मोठी पिशवी स्तामेनला मिळाली होती. गांचोने ती स्वतः उचलून त्याच्या खांद्यावर ठेवली. "स्तामेनकाका, आज आलात माणसात," तो म्हणाला. "चला, माझ्याकडून एक." आणि स्तामेन गेला. गुत्त्याच्या टेबलाशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याच्यासाठी लोकांनी सरकून जागा केली. पेना काकूही येऊन बसली. त्या शेजारच्या गावच्या शहाण्याची सगळ्यांनी मिळून यथेच्छ टिंगल केली, की काय मूर्ख माणूस, मार खातोय तरी देतोच आहे. स्तामेनही हसला. चांगला मोकळा हसला.

सोमवारी पहाटे फावड्याचा आवाज झाला नाही. मंगळवारी पाट वर कुठेतरी फुटला. बुधवारपर्यंत मिरचीने माना टाकल्या, सगळ्यांच्याच, आणि गंमत म्हणजे कुणी कुरकूर केली नाही. उलट लोक एकमेकांच्या कुंपणाशी उभे राहून गप्पा मारू लागले. कुणालाच कुणाची लाज वाटत नव्हती.

बोझिलोवाबाईंनी रेघा बघून कळवलं की आता पुढच्या डॉक्टरेटची चिंता करू नकोस. नेवेनाने सामान बांधलं. दुपारी निघण्याआधी बाप-लेक जेवायला बसले. गार ताराटोर होतं, पातळ दह्याचं, काकडी घातलेलं, आणि पाव. स्तामेन दोन वेळा वाढून घेऊन जेवत होता. तिने अजून चमचाही उचलला नव्हता.

"बाबा, तो शेजारच्या गावचा माणूस," ती म्हणाली. "तो शेजारच्या गावचा नव्हता. पडद्यामागे मी होते."

"माहीत आहे."

तिला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही. "मी होते, बाबा. दहा टाकणारी."

"माहीत आहे म्हटलं ना. या गावात असं वेड्यासारखं कोण देणार? मी नाही तर तू." त्याने पाव मोडला. "पहिल्याच फेरीला ओळखलं."

"मग तुम्ही... नऊच्या नऊ फेऱ्या?"

"सगळे मारत होते. मी एकट्याने हात आखडला असता तर चारच दिसले असते. राहिलेला कोण ते त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं असतं, आणि पुढच्या फेरीला मी." हे सांगताना त्याला ना राग होता ना लाज. मग त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत जुनी सगळी माया होती, काडीइतकी कमी झालेली नव्हती. टेबलावरून हात लांब करून त्याने तिच्या डोक्यावरून फिरवला.

"आणि बघ, शेवटच्या फेरीला शिकलीस की नाही? शून्य टाकलंस, तर लावला का कुणी हात तुला? आता मी मरायला मोकळा. तुझं कुणी काही करू शकणार नाही." त्याने तिच्या ताटात आणखी ताराटोर वाढलं. "जेव, गाडी चुकेल."